शिसे, पारा आणि तुमचे प्रश्न

रक्तातल्या शिशाबद्दल मागच्या वेळी लिहिले, त्यानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर घेऊन बसले आहे. प्रश्न वरवर वेगवेगळे आहेत, पण निम्म्याहून अधिक पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून येते. "यावर तर जगभर बंदी आहे ना, मग भीती कशाची?" बंदी नेमकी कशावर आहे, ती कारखान्याला लागू आहे की दुकानाला की तुमच्या घरातल्या कपाटाला, आणि आपल्या देशाने ती कधीपासून मानली, हे सगळे वेगवेगळे मुद्दे आहेत. मी बालरोगतज्ज्ञ आहे, कायद्याची जाणकार नाही. पण विषारी धातूंची बाधा झालेली मुले बरीच वर्षे तपासते आहे, त्यामुळे हे आंतरराष्ट्रीय करार वाचणे भागच पडले. उत्तरे त्या अनुभवातून देते आहे. तुमच्या मुलाला प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांची जागा ती घेऊ शकत नाहीत.

प्रश्न : पाऱ्याचा थर्मामीटर फुटला आणि सहा वर्षांचा मुलगा त्या चकचकीत गोळ्यांशी खेळत बसला. दवाखान्यात न्यावे का? (बार्शी)

फोन करून डॉक्टरांना कळवा. मुलगा खोकत असेल, धाप लागत असेल, अंगावर पुरळ असेल तर आजच न्या. एका थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा असतो. चुकून गिळला गेला तरी तो बहुधा शौचावाटे निघून जातो. धोका असतो तो बंद खोलीत राहिलेल्या पाऱ्याच्या वाफेचा. खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा, मुलांना बाहेर काढा, हातातल्या सोन्याच्या अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. जाड पुठ्ठ्याच्या कडेने गोळ्या एकत्र करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि सगळे घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, त्याने पारा घरभर पसरतो. बेसिनमध्ये ओतू नका. बाटली कुठे द्यायची ते पालिकेच्या घनकचरा विभागाला विचारा.

प्रश्न : पाऱ्याच्या यंत्रांवर बंदी आली म्हणतात. वडिलांचे जुने रक्तदाबाचे यंत्र घरी ठेवणे गुन्हा आहे का? (मिरज)

नाही. पाऱ्याबद्दलचा मिनामाटा हा आंतरराष्ट्रीय करार उत्पादन, आयात आणि निर्यात थांबवतो, तुमच्या कपाटात कोणी डोकावत नाही. तरी घरात लहान मूल असेल तर ते यंत्र ठेवू नका. भंगारवाल्याला मात्र देऊ नका.

प्रश्न : पार्लरमधून घेतलेल्या क्रीमने पंधरा दिवसांत रंग खूपच उजळला. आता सकाळी डोळे आणि पाय सुजलेले असतात. क्रीम परदेशी आहे, त्यामुळे चांगलेच असणार ना? (नवी मुंबई)

क्रीम आजपासून बंद करा आणि उद्या सकाळी लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. लघवीला फेस येतो का तेही पाहा. पारा त्वचेतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो, आणि तोच पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडाची चाळणी बिघडवतो. केरळमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी अशा रुग्णांची मालिकाच अलीकडे नोंदवली आहे, आणि महाराष्ट्रातही असे रुग्ण सापडले आहेत. बहुतेकांची लघवी क्रीम थांबवल्यावर सुधारते. पण ते ठरवायचे मूत्रपिंडतज्ज्ञांनी. जाताना क्रीमची डबी बरोबर न्या.

"परदेशी" या शब्दाने कृपा करून फसू नका. पाऱ्याबद्दलच्या मिनामाटा करारात सौंदर्यप्रसाधनांना आधी दशलक्षात १ भागाची मर्यादा होती. त्या फटीतून माल सुटतो हे लक्षात आल्यावर २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत ती मर्यादाच काढून टाकली आणि पारा घातलेली सगळी प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करायचे ठरले. आपल्याकडेही प्रसाधनांच्या नियमांत पारा घालायला मनाई आहे. तरीही लेबल नसलेल्या, बॅच नंबर नसलेल्या डब्या पार्लरमधून आणि ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. लेबल असेलच तर त्यावर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी हे शब्द शोधा. "चांदीच्या, सोन्याच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना दिसली तर कारण तेच आहे. पार्लरच्या मालकिणीशी वाद घालत बसू नका, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न : जपानमधल्या एका गावाच्या नावाचा करार आपल्यावर का? (लातूर)

कुमामोतो प्रांतातले मिनामाटा हे मासेमारीवर जगणारे गाव. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरत आणि सांडपाणी समुद्रात सोडत. आधी गावातली मांजरे वेडीवाकडी नाचू लागली, भिंतींवर आपटू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, नजर आकुंचित झाली, बोबडी वळू लागली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी हा अनोळखी मेंदूविकार आरोग्य खात्याला कळवला. १९५९ मध्ये त्यांनी एका मांजराला अन्नातून कारखान्याचे सांडपाणी दिले. कागदोपत्री ते ४०० क्रमांकाचे मांजर. त्यालाही तोच आजार झाला. कंपनीने हा प्रयोग दडवला. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, तोवर कारखान्याने ती प्रक्रिया आपणच बंद केली होती. मधली बारा वर्षे लोक तेच मासे खात होते. दरम्यान १९६५ मध्ये निगाता प्रांतात दुसऱ्या कंपनीच्या कारखान्याने तोच आजार पुन्हा निर्माण केला.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला यातली एक गोष्ट कधी विसरता येत नाही. ज्या आया स्वतः ठणठणीत दिसत होत्या, त्यांना जन्मतःच मेंदूला इजा झालेली बाळे झाली. वार (प्लासेंटा) बाळाचे रक्षण करते अशी तोवर वैद्यकाची समजूत होती. तो पारा वारेतून पलीकडे गेला होता.

करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतोमध्येच स्वीकारला गेला, १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पहिल्या नोंदीपासून करार अमलात येईपर्यंत ६१ वर्षे गेली. तो आपल्यावर का, याचे उत्तर एवढेच की पाऱ्याची वाफ हवेबरोबर देशोदेशी जाते आणि मासे कुठल्याच देशाची सीमा पाळत नाहीत.

प्रश्न : डासांच्या फवारणीला माणसे येतात. डीडीटीवर जगात बंदी आहे ना? (गडचिरोली)

शेतीसाठी आहे. रोग पसरवणाऱ्या कीटकांविरुद्ध डीडीटी वापरण्याची सवलत टिकाऊ सेंद्रिय विषांबद्दलच्या स्टॉकहोम कराराने ठेवलेली आहे आणि भारत ती सवलत घेणारा देश आहे. पिंपात काय आहे ते आरोग्यसेवकाला सरळ विचारा. ते सांगणे त्यांचे काम आहे. फवारणीपूर्वी अन्न, पाणी, पाळणा झाका. मलेरियाच्या भागात फवारणीला नकार देऊ नका. घरात दमेकरी किंवा बाळंतीण असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बोला.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याचे रंगकाम काढले आहे. रंगारी म्हणतो, गॅलरीच्या कठड्याचा जुना ऑइल पेंट घासून काढतो आणि वर नवा मारतो. नव्या डब्यावर "शिसे नाही" असे लिहिले आहे. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. म्हणजे आता काळजीचे कारण नाही ना? (पुणे)

काम आज थांबवा. तुम्ही फक्त नव्या डब्याबद्दल विचारले आहे. मला काळजी जुन्या थरांची आहे.

त्या कठड्यावर पन्नास-साठ वर्षांचे थर असतील. हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली कदाचित शेंदरी प्रायमर. कोपऱ्यात पोपडा उचलून पाहिलात तर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे ते थर मोजता येतील. पिवळ्या, लाल आणि नारिंगी ऑइल पेंटमध्ये शिसे सगळ्यात जास्त असायचे. तो रंग कोरडाच सँडपेपरने घासला की पिठासारखी धूळ उडते आणि फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते. दोन वर्षांचे मूल दिवसभर जमिनीवर असते आणि त्याचा हात सारखा तोंडात असतो. खिडकीच्या गजावर दातांच्या बारीक खुणा तुम्ही पाहिल्या आहेत का? मी पाहिल्या आहेत. मूल पोपडा खाते तेव्हा आई म्हणते, "त्याला माती खायची सवय आहे."

पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात दहावा हिस्सा मुरत असेल, तर लहान मुलाच्या अंगात चाळीस ते पन्नास टक्के मुरते. मूल लोहाने किंवा कॅल्शियमने कमी असेल तर त्याहून जास्त. शरीर शिशाला कॅल्शियम समजून मेंदूत आणि हाडांत जागा देते. हाडात बसलेले शिसे वर्षानुवर्षे तिथे राहते आणि पुढे त्याच मुलीच्या गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते. मुलांच्या रक्तात किती शिसे चालेल, याचा सुरक्षित आकडा जागतिक आरोग्य संघटनेला देता आलेला नाही, कारण तसा आकडा सापडलेला नाही.

हे आज कळले असते तर मी एवढी चिडले नसते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये लिहून ठेवले की मुलांना होणारी शिशाची बाधा घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगातून होते. तुमचाच कठडा! १९२१ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात शिशाच्या पांढऱ्या रंगाला मनाई करणारा करार केला, तो रंगाऱ्यांच्या जिवासाठी. अमेरिकेने घरगुती रंगांतले शिसे १९७८ मध्ये बंद केले. आपला नियम आला २०१६ मध्ये आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसे दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, असे तो सांगतो. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही घराबद्दल हा नियम काही सांगत नाही. आणि औद्योगिक रंग त्याच्या कक्षेतच नाहीत. फॅब्रिकेटर ग्रिलला, फाटकाला, बागेतल्या घसरगुंडीला कुठला रंग मारतो, हे तुम्ही कधी विचारले आहे का?

पत्रलेखकांपैकी दोघांनी विचारले आहे की शिशासाठी पाऱ्यासारखा जागतिक करार आहे का. नाही. पाऱ्याला मिनामाटा आहे, टिकाऊ सेंद्रिय विषांना स्टॉकहोम आहे, घातक कचऱ्याच्या वाहतुकीला बेसल आहे, रसायनांच्या व्यापाराआधी संमती घेण्यासाठी रॉटरडॅम आहे. शिशाच्या वाट्याला यांतले तुकडे आले आहेत. जुन्या बॅटऱ्या परदेशी पाठवायच्या तर बेसल लागू होतो, पेट्रोलमध्ये घालायची शिशाची संयुगे रॉटरडॅमच्या यादीत आहेत. रंगांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून आघाडी उभारली, २०२० पर्यंत सर्व देशांत कायदा व्हावा असे ठरवले. मुदत संपली तेव्हा निम्म्या देशांतही कायदा नव्हता. त्याच वर्षी युनिसेफचा अहवाल आला, जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांतल्या एका मुलाच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आहे.

"अजून पुरावा हवा" हे वाक्य मला ऐकवत नाही. पेट्रोलमध्ये शिसे घालायला सुरुवात झाली तेव्हा, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सीच्या बेवे इथल्या शुद्धीकरण कारखान्यात कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली. ॲलिस हॅमिल्टनसारख्या डॉक्टरांनी धोका बजावून सांगितला. उद्योगाचे म्हणणे पडले की रस्त्यावरच्या माणसाला इजा झाल्याचे दाखवा, मग थांबवू. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० मध्ये बंद झाले आणि जगातला शेवटचा पंप अल्जीरियात जुलै २०२१ मध्ये. आणि बंद केल्याने काय होते? अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांच्या रक्तातले सरासरी शिसे १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, १९९० च्या सुरुवातीला ते ३ च्या खाली आले. एवढा फरक पाडणारे औषध माझ्या कपाटात नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. चार वर्षांचा, फिकट, सारखे पोट दुखायचे, चिडचिडा. वर्षभरात तीनदा जंताचे औषध झाले. त्यातले एकदाचे मी स्वतः लिहून दिले होते. लोहाचे टॉनिक चालू होते, हिमोग्लोबिन वर येत नव्हते. चौथ्या खेपेला बाप बरोबर आला आणि त्याच्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहून मी पहिल्यांदा विचारले, काम काय करता? तो घरामागे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवत असे. मुलाचा आकडा पन्नासच्या पुढे होता. तेव्हापासून पोटदुखीच्या प्रत्येक मुलाच्या घरी मी हा प्रश्न विचारते, आणि तरुण डॉक्टरांना हात जोडून सांगते की तुम्हीही विचारा.

तर तुमच्या वाड्याचे. मुलीला काम संपेपर्यंत आणि सफाई होईपर्यंत आजोळी पाठवा. कोरडे घासणे, ब्लोअरने रंग जाळणे, दोन्ही बंद. जुना रंग घट्ट असेल तर न खरवडता वर नवे थर देता येतात. सुटलेला असेल तर पाण्याचा फवारा मारत, ओला करूनच खरवडायचा, खाली जाड प्लास्टिक, रंगाऱ्याला चांगला मास्क. तो कामाचे कपडे घालून स्वतःच्या लेकरांकडे जातो, त्यालाही हे समजावून सांगा. केर काढायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे, दोनदा. रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून मिळतो. आणि धूळ आधीच उडाली असेल तर मुलीचे रक्त तपासायचे का, हे तिच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

प्रश्न : हळकुंडे पिवळीधमक असली की त्यात रंग असतो, असे व्हॉट्सॲपवर आले आहे. पाण्यात हळद टाकून ओळखता येते का? (सांगली)

नाही येत. पाण्याचा ग्लास आणि चिमूटभर हळद घेऊन शिसे ओळखायचे सगळे व्हिडिओ कृपा करून पुढे पाठवणे बंद करा. त्या चाचणीत "पास" झालेली हळद लोक निर्धास्तपणे लेकरांना दुधातून देतात.

पण भीती खोटी नाही. बांगलादेशात १९८० च्या दशकातल्या पुरात हळद भिजून काळवंडली, तेव्हा व्यापाऱ्यांनी पॉलिश करताना तिला लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेले पिवळे रंगद्रव्य, चोळायला सुरुवात केली. तिकडे त्याला पेउरी म्हणतात, आपल्या पिवडीच्या जवळचा शब्द. पुढे ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांना गावाकडच्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडले. त्याचा माग त्यांनी रंग, माती, भांडी करत करत हळदीपर्यंत नेला. २०१९ मध्ये हे जाहीर झाल्यावर तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वाट पाहिली नाही. हातात धरायचे एक्स-रे यंत्र घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घातली, माल जप्त केला, दंड केला, बाजारोबाजारी पत्रके लावली. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते, २०२१ मध्ये शून्य. हळद गिरणीतल्या कामगारांच्या रक्तातलेही शिसे उतरले. दोन वर्षांत! गरीब देशाला हे जमत नाही असे मला पुन्हा कोणी सांगू नये.

भारतातही पाटण्यासारख्या काही शहरांतल्या पॉलिश केलेल्या हळकुंडांत शिसे सापडले आहे. तुम्ही सांगलीत राहता, तुमच्याकडे पिकवणारा शेतकरी शेजारी आहे. ओळखीच्याकडून, ड्रमात रंग न टाकता पॉलिश केलेली, जराशी मळकट दिसणारी हळकुंडे घ्या. खात्री हवी असेल तर मान्यताप्राप्त अन्नप्रयोगशाळेत शिशाची चाचणी करून घ्या.

प्रश्न : मारुतीच्या पायाचा शेंदूर नातवाच्या कपाळी लावते. सून नको म्हणते. (एक आजी, वाई)

आजी, सूनबाईंचे ऐका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे भस्मच, रसायनाच्या भाषेत रेड लेड. मूर्तीला लावायला चालेल, बाळाला नाही. तो हाताला लागतो, हात तोंडात जातो. देवापुढची विभूती किंवा घरच्या चांगल्या हळदीचे बोट लावा. डोळ्यांत सुरमाही घालू नका. आजवर लावत आला असाल तर बाळाच्या डॉक्टरांना तसे सांगा, ते रक्त तपासायचे की नाही ठरवतील.

प्रश्न : घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत. त्यांनी कॅन्सर होतो का? (चिपळूण)

अखंड, न हलवलेल्या पत्र्याखाली झोपल्याने धोका फार कमी. कापताना, भोक पाडताना, वादळात फुटल्यावर त्यातले ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत येतात, ते फुप्फुसात बसतात आणि वीस-तीस वर्षांनी आजार दिसतो. स्वतः छिन्नी मारू नका, फुटलेला पत्रा ओला करून, गुंडाळून मग हलवा.

ॲस्बेस्टॉसचे पाच प्रकार रॉटरडॅम कराराच्या यादीत आहेत. पत्र्यात वापरतात तो सहावा, पांढरा प्रकार, क्रायसोटाइल, २००६ पासून बैठकीमागून बैठकीत अडला आहे, कारण यादीत नाव घालायला सगळ्यांचे एकमत लागते आणि मूठभर देश नाही म्हणतात. त्यांत भारतही राहिला आहे. यादीत नाव आले तरी बंदी येत नाही. विकणाऱ्याने धोका आधी कळवावा आणि घेणाऱ्याने होकार द्यावा, एवढेच. तेवढेसुद्धा इतकी वर्षे होऊ दिले जात नाही, याचा मला मनापासून राग येतो. तुमच्या घरात कोणी पत्र्याच्या कारखान्यात काम केले असेल आणि खोकला किंवा धाप असेल तर छातीच्या तज्ज्ञांना कामाचा पूर्ण इतिहास सांगा.

प्रश्न : शरीरातले जड धातू बाहेर काढणारे "डिटॉक्स" पॅड पायाला लावले. सकाळी काळे झाले. म्हणजे विष निघाले ना? (नाशिक)

नाही. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका, तरी काळे होते. पैसे परत मागा. केसांच्या चाचणीवर किंवा आधी औषध देऊन मग केलेल्या लघवीच्या चाचणीवरही विश्वास ठेवू नका. शिशासाठी शिरेतून घेतलेले रक्त, बस.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. अशक्तपणासाठी ओळखीच्यांनी भस्म दिले आहे, नैसर्गिक आहे म्हणाले. (अकोला)

घेऊ नका. पुडी फेकू नका, प्रसूतितज्ज्ञांना दाखवा. नागभस्म म्हणजे शिसे आणि रसकल्पांत पारा असतो, ते "नैसर्गिक" आहे हे बाळाला काही कळत नाही. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. त्यावर गदारोळ झाला आणि आपल्या सरकारने जानेवारी २००६ पासून वनौषधींच्या निर्यातीला जड धातूंची तपासणी सक्तीची केली. निर्यातीला! वैद्यांवर माझा राग नाही, चांगले वैद्य गर्भवतीला असे काही देतच नाहीत. ओळखीच्यांनी दिलेल्या पुडीबद्दल मी बोलते आहे.

प्रश्न : आईने भारतातून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या कढईबद्दल इथल्या आरोग्य खात्याने इशारा दिला आहे. ती अतिरेकी सावधगिरी आहे का? (सिएटल)

नाही. भंगार वितळवून केलेल्या हिंडालियमच्या भांड्यांत शिसे येते, आणि चिंच-टोमॅटो शिजवले की ते उतरते. तुमच्याच किंग काउंटीच्या आरोग्य विभागाने ते मोजून दाखवले. कढई वापरातून काढा, मुलांचे रक्त तिथेच तपासून घ्या. स्टेनलेस स्टील वापरा.

प्रश्न : साडेतीन वर्षांच्या मुलाच्या रक्तात शिसे ७ आले. लॅबवाला म्हणाला, नॉर्मलमध्ये आहे. शिसे बाहेर काढणारे औषध सुरू करावे का? (नागपूर)

लॅबच्या कागदावर जुनी, मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा जास्त आकडा आला की शिसे कुठून आले ते शोधायचे आणि थांबवायचे. आकडा बोटाच्या टोचणीतून आला असेल तर हात मळके असल्यानेही वाढलेला दिसतो, म्हणून आधी शिरेतल्या रक्तावर खात्री करा. शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे साधारण ४५ च्या पुढे, रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. ७ ला ती देऊ नयेत, आणि ऑनलाइन मागवून तर मुळीच नाही.

वडिलांचे काम, आईचे काम, घराच्या भिंती, ग्रिल, मसाले, भांडी, कल्हई कुणाकडून करता, खेळण्यांवर आयएसआयची खूण आहे का, शेजारी बॅटरी किंवा सोन्याचांदीची भट्टी आहे का, हे सगळे एका कागदावर लिहा. मुलाचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहा, लोह कमी असेल तर ते भरून काढा. दूध, नाचणी, पालेभाजी, दोन वेळा पोटभर जेवण, कारण रिकाम्या पोटी शिसे जास्त मुरते. तो कागद आणि रिपोर्ट घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांना शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास डॉक्टरांना सल्ला देते. रक्त एक ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.